शेवटी गाणं नाही, म्हणूनच तो शेवट जिव्हारी लागतो

भाऊ, 'सैराट'च्या शेवटी एखादं काळीज पिळवटणारं गाणं हवं होतं, असं तुम्ही म्हणता. मला अजिबात पटत नाही. मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, वडशाकडचा. दिवाळी ते होळी, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की रात्री नाटक ठरलेलं. नायिका मरताना ऑर्गन सूर धरतो, तबला वाजतो, गाण्याला वन्समोअर मिळतो, आणि मंडपातल्या बायका पदराने डोळे पुसतात. ते रडणं मला प्रिय आहे. पण त्यात मन मोकळं होतं, माणूस पहाटे हलका होऊन घरी जातो.

नागराज मंजुळेंनी तीच मोकळीक दिली नाही. अजय-अतुलचं संगीत सिनेमाभर भरून वाहतं, थिएटरात लोक 'झिंगाट'वर नाचले. आणि शेवटी? आर्ची दारात रांगोळी काढतेय, माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा ठेवते. तीच माणसं तिला आणि परशाला मारतात, पण वार दिसत नाहीत. शेजारीण आर्चीच्या पोराला दारात सोडते, ते आत जातं आणि रडत बाहेर येतं. आवाजच नाही! फक्त रक्तात भरलेली इवली पावलं.

२०१६ साली आईसोबत पाहिला. नाटकात हमखास रडणारी माझी आई तेव्हा रडली नाही. परतताना एसटीत गावापर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर आधी झोपलेल्या नातवाच्या पायावरून हात फिरवला, मग चूल पेटवली.