ओव्हरहेड उघडले की स्नेअरचा पत्रा होतो, आणि हलगी सगळीकडं घुसते

मंगळवारपेठेचा_बेसवाला

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा बँड आहे: ड्रम किट, बेस, ढोलकी, हलगी आणि हार्मोनियम. पेटीवालाच गातो. पोवाड्याच्या अंगानं जाणारं स्वतःचं एक गाणं रेकॉर्ड करायला घेतलंय. आधी एका स्टुडिओत गेलो होतो. त्यांनी किटला दोन माईक लावले आणि 'बाकीचं सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले तयार टोले) टाकून भरू' म्हणाले. म्हणून आता घरातच मांडामांड केलीय.

घर जुनं, कौलारू. आतली खोली १२ बाय १०, उंची १० फूट, खाली शहाबादी, भिंतींना अंड्यांचे ट्रे. संगणकाला जोडायचा आठ माईकचा इंटरफेस आणि रेकॉर्डिंगला रीपर सॉफ्टवेअर. किकला (पायानं वाजतो तो मोठा ड्रम) बीटा ५२ माईक, स्नेअरला (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) एसएम ५७ माईक, किटच्या वर दोन बारके कंडेन्सर माईक, म्हणजे ओव्हरहेड, ढोलकीच्या दोन्ही तोंडांना एकेक ५७, हलगीला एक, आणि बेस थेट लाईनमधून. पेटी आणि गळा नंतर घेणार.

अडचण अशी, की स्नेअर एकटा ऐकला तर भरीव वाटतो, पण ओव्हरहेडचे फेडर वर घेतले की त्याचं पोटच जातं. हलगी प्रत्येक ट्रॅकवर आहे, अगदी किकच्या माईकमध्येसुद्धा. आणि ढोलकीची धूम (खर्जाची बाजू) एकटी घुमते, सगळे मिळून वाजले की गायब. इक्यू मारून मारून कंटाळलो. कुठली फ्रिक्वेन्सी किती वाढवू? की एखादा चांगला प्लगइन घेऊ?

आठवी_गल्ली

प्लगइनचे पैसे ठेव खिशात. तुझ्या तिन्ही तक्रारी माईक कुठं उभे आहेत यातून आल्यात.

स्नेअरचं आधी बघू. जवळचा ५७ कातड्यापासून दोन-तीन बोटं वर असणार आणि ओव्हरहेड धर मीटरभर वर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तोच टोला ओव्हरहेडला जवळपास २.८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला हे काहीच नाही, पण एवढ्या उशिरानं १८० हर्ट्झच्या आसपासची लाट बरोबर उलटी पडते, आणि १४ इंची स्नेअरचं पोट त्याच भागात असतं. दोन्ही ट्रॅक एकत्र आले की एकमेकांना खोडतात. तू इक्यूवर १८० वाढवत बसलास तरी जे खोडलंच जातंय ते वाढून वाढून किती वाढणार?

तेव्हा सुतळी घे. एक टोक स्नेअरच्या मधोमध दाबून धर, दुसरं एका ओव्हरहेडच्या तोंडापर्यंत ताण आणि तिथं गाठ मार. तीच गाठ दुसऱ्या ओव्हरहेडलाही लागली पाहिजे. दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर सारखं झालं की स्नेअर मधोमध उभा राहतो, डावीउजवीकडं सरकत नाही. ग्लिन जॉन्स या इंग्रज इंजिनिअरच्या नावानं जी पद्धत चालते तिचंही मर्म हेच: एक माईक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूनं, अंतर तेवढंच. त्या पद्धतीत वरचे दोन, किकचा एक आणि स्नेअरचा एक, बास. तुझ्याकडं तेवढे माईक आहेतच.

मग ओव्हरहेड आणि स्नेअर दोन्ही चालू ठेवून स्नेअरच्या ट्रॅकवरचं फेजचं (लाट उलटी करणारं) बटण दाब. ज्या बाजूला आवाज जाड लागेल ती ठेव, डोळ्यांनी लाटा बघत बसू नको. किकलाही तसंच कर. काही लोक ओव्हरहेडचा ट्रॅक मागं ओढून स्नेअरला जुळवतात, ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाचे ४८ हजार तुकडे) ते अंदाजे १३३ तुकडे होतात. मला ते फारसं पटत नाही. स्नेअर जुळतो, पण किक वेगळ्या अंतरावर असते, तिचं गणित बिघडतं, आणि खोलीची हवा निघून जाते ती वेगळीच. मिक्सला बसशील तेव्हा सुरुवात ओव्हरहेडपासून कर. किटचा आवाज म्हणजे तोच. स्नेअर आणि किकचे माईक त्याला खालून टेकू द्यायला.

आता ढोलकी. दोन तोंडांना समोरासमोर माईक म्हटल्यावर एकाचं फेज उलटं करून बघायलाच पाहिजे. धुमेवर थाप पडली की ते कातडं आत जातं, आतली हवा दाबली जाते आणि शाईचं कातडं बाहेर फुगतं. एका माईकला कातडं लांब गेल्याचं कळतं, दुसऱ्याला जवळ आल्याचं. दोन्ही मिसळले की धूम पातळ. तुझी निम्मी धूम तिथंच गेलीय.

उरलेली निम्मी किकखाली गेलीय, आणि तिथं माईक काही करू शकत नाही. ड्रमर आणि ढोलकीवाला समेवर दोघंही खाली मारत असतील तर एकानं गप बसायचं. कडव्यात ढोलकी पुढं असेल तर किक फक्त समेला ठेवा, धुमेला जागा मिळेल. हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरवायचं असतं. ढोलकी गाण्याच्या पट्टीत लावलीय ना? गाणं काळी एकमध्ये आणि ढोलकी पांढरी दोनला अशी असेल तर कुठल्याच इक्यूनं ती गाण्यात बसणार नाही. आणि कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) लावलास तर अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करायचा वेळ, २०-३० मिलिसेकंद तरी ठेव. थाप निसटून जाऊ दे, नंतर दाब. अटॅक एकदम कमी ठेवला की थाप मरते आणि घिस्सा नको तेवढा वर येतो.

अंड्यांचे ट्रे काढून टाक, कागदानं खर्जातले आवाज थांबत नाहीत. तुझ्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट, म्हणजे दोन्हींची पहिली घुमणारी फ्रिक्वेन्सी एकच, ५६ हर्ट्झच्या आसपास. किकचं तळ साधारण तिथंच. एका कोपऱ्यात किक अंगावर येणार, खोलीच्या मध्ये उभं राहिलं की गायब होणार. किट रुंदीच्या बरोब्बर मध्ये मांडू नको, फूट-दीड फूट एका बाजूला घे. पैसे खर्चायचेच असतील तर कोपऱ्यांत आवाज शोषणारं चार इंची रॉकवूल, भिंतीपासून थोडं सुटं. ड्रमरच्या डोक्यावर घरातली जाड वाकळ ताणून बांध, झांजांचा किरकिराट कमी होतो. खालचा घुमारा वाकळीनं जाणार नाही, ती आशा धरू नको. आणि शहाबादीवर किटखाली जाजम हवंच.

राहिली हलगी. ती त्या खोलीतून बाहेर काढ. जुनं घर आहे म्हणजे पुढं सोपा (ओसरी) असेल. हलगी सोप्यात, बाकीचे आत, मधलं दार अर्धं उघडं, नजरानजर होईल एवढं. ५७ ची पाठ सगळ्यात बहिरी असते, म्हणून ढोलकीच्या माईकांच्या पाठी होता होईतो दाराकडं कर. हलगीचा माईक जवळ चिकटवू नको, जवळून नुसती टिपराची टकटक येते. दोन-तीन फुटांवर ठेव. तिचा कडकडाट २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये बसतो आणि गाणाऱ्याची व्यंजनंही तिथंच असतात, त्यामुळं गळा चालू असताना हलगी दोन डेसिबल खाली घ्यायची. ओळ संपली की वर. हे हातानं कर, सगळ्या गाण्याला एकच इक्यू लावून मोकळा होऊ नको.

तापलेली_हलगी

आठवी गल्लीवाले म्हंत्यात ते बराबर हाय. मी हलगी वाजीवतो म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, कातडी हलगी आसंल तर ती तापवावी लागतीया, आणि पावसाळ्यात तर टेक संपायच्या आतच उतरती. स्टुडिओत जाळ करू देत न्हाईत, बराबरच हाय. पण तुमच्या घराला परसू आसंल की. दोन हलग्या ठेवा, एक वाजतीया तवर दुसरी तापतीया. टेक सुरू करायच्या आधी नुसता एक टोला मारून रेकॉर्ड करा आणि मागच्या टेकच्या टोल्याशी लावून बघा. आवाज उतरला आसंल तर थांबा. न्हाईतर एडिटिंगला पैल्या टेकचं कडवं आणि तिसऱ्या टेकचा धावा जोडाय जाशीला आणि मधीच हलगीचा गळा बसल्यागत वाटंल. फायबरची घेतली तर ही कटकट न्हाई, पण मला तिचा आवाज आवडत न्हाई.

दुसरं, हलगीवाल्याच्या दोन्ही कानांवर हेडफोन दाबू नका. एक कान मोकळा पायजे. हलगीवाला ढोलकीच्या हाताकडं बघून वाजीवतो, हेडफोनातला क्लिकचा ठोका ऐकून न्हवं. आणि माईक लावायच्या आधी त्याला पाच मिंटं मनासारखं वाजवू द्या. वाजवताना हलगी कुठं कुठं फिरती ते बघून मग माईक लावा.

सायबर_चौक_बीट्स

एवढ्या उठाठेवी कशाला? किक-स्नेअरला ट्रिगर (टोल्याच्या जागी तयार सॅम्पल वाजवणारा) टाका, ढोलकीचा लूप पॅक मिळतो, दुपारपर्यंत गाणं तयार.

आठवी_गल्ली

किकला ट्रिगर टाकायला माझी ना नाही, खोली अशी असेल तर मीही मूळ किकखाली थोडं सॅम्पल मिसळतो. ढोलकीला मात्र नको. त्याच ठेक्यात धूम दर वेळी वेगळी दाबली जाते, मनगट कुठं टेकलं त्यावर आवाज चढतो-उतरतो. लूपमध्ये ते गोठून बसतं आणि दुसऱ्या कडव्याला ऐकणाऱ्याला कंटाळा येतो.

तापलेल्या हलगीचा तो टोला रेकॉर्ड करून जुळवायचा सल्ला मात्र लिहून ठेवण्यासारखा आहे.

मंगळवारपेठेचा_बेसवाला

दादा, सुतळीनं मोजलं. दोन ओव्हरहेडमध्ये वीतभर फरक होता. सारखे केले, स्नेअरचं फेज फिरवलं आणि ड्रमर आतून ओरडला, 'काय केलंस रं?' इक्यू सगळा काढून टाकला. ढोलकीचा शाईकडचा माईक उलटा केल्यावर धूम तर एवढी आली की उलट कमी करावी लागली.

हलगी सोप्यात बसवली. गल्लीतली पोरं दारात गोळा झाली, त्यांच्या शिट्ट्या दोन टेकमध्ये आल्यात, तो भाग वेगळा. पण आता किकच्या माईकमध्ये हलगी जवळजवळ नाही. ओव्हरहेडमध्ये थोडी आहे, ती चांगली वाटतेय म्हणून ठेवली. किकचं मात्र ड्रमर ऐकेना. ढोलकीवाल्यानं मध्यस्थी केली आणि दोन कडव्यांत किक फक्त समेला ठरली.

एक शेवटचं. मंडळाचे लोक म्हणतायत, मिरवणुकीत बॉक्सवर (मोठ्या स्पीकरवर) वाजवायचंय, आवाज मोठा पाहिजे, पार दाबून द्या. युट्यूबलाही तीच फाईल टाकू का?

आठवी_गल्ली

नको, दोन वेगळ्या काढ. युट्यूब मोठ्या आवाजाचं गाणं स्वतःहून खाली आणतं, साधारण उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा एकूण मोठेपणा मोजायचं माप) पातळीला. तू लिमिटरनं (आवाजाचे शेंडे दाबणारा) चेचून पाठवलंस तरी वाजणार तेवढंच, फक्त हलगीचा टोला बोथट झालेला. तिथं उणे १२-१३ च्या आसपास ठेव आणि पीक उणे १ डेसिबलच्या खाली.

मंडळाच्या फाईलला ३० हर्ट्झखालचं सगळं कापून टाक, ते बॉक्स त्यातच दम घालवतात. आणि मोनोमध्ये ऐकून बघ, मिरवणुकीत डावं-उजवं काही नसतं. मोनोला ढोलकी परत पातळ झाली तर तिच्या दोन माईकांचं फेज अजून जुळलेलं नाही असं समज, ते परत तपास.

शिट्ट्यांचे टेक पुसू नको अजून. धाव्यात एखादी चालून जाईल.