ओस्तिआ: राजाने वसवलं की छावणीतून वाढलं?

गाळपेर:
रोमचा चौथा राजा आन्कुस मार्सियुस याने इ.स.पू. 7व्या शतकात तिबेर नदीच्या मुखावरचं रोमचं बंदर ओस्तिआ वसवलं, असं एकीकडे वाचायला मिळतं. दुसरीकडे इ.स.पू. 4थं शतक. तीनशे वर्षांची तफावत! कुठलं धरायचं? नकाशावरून काही पडताळता येतं का?

नकाशावेडा:
गावाचं वय विचारत असाल तर दुसरं. राजाची गोष्ट ओस्तिआकरांनाच प्रिय होती, इ.स. 2ऱ्या शतकातल्या एका शिलालेखात आन्कुसचं नाव आहे. पण तो कोरलाय कथित घटनेनंतर सातआठशे वर्षांनी. जमिनीतलं सर्वांत जुनं ठळक बांधकाम म्हणजे कास्त्रुम (लष्करी छावणी), सुमारे 194 × 126 मीटरचा तटबंद आयत, जेमतेम अडीच हेक्टर. टफ या ज्वालामुखी दगडाचे मोठाले ठोकळे, सांध्यात चुना नाही. पूर्वेकडच्या तटाचा तुकडा विया देई मोलिनी रस्त्याच्या कडेला अजून उभा आहे. पुढे तटाला टेकून दुकानं बांधली गेली, म्हणून असे तुकडे टिकले.

आता नकाशा. आयताच्या आत रस्ते काटकोनात. पश्चिम दारातून बाहेर पडलात की लगेच दोन फाटे: उजवा विया देल्ला फोचे हा रस्ता, नदीमुखाकडे; डावा समुद्राकडे. दक्षिण दाराबाहेरचा रस्ताही तिरकाच. हे दोन तिरके तुकडे कास्त्रुममधून जोडून पाहा, दक्षिणेच्या लाउरेन्तुम गावाकडून नदीमुखाकडे जाणारी एक जुनी वाट दिसते. छावणी त्या वाटेवर येऊन बसली.

मिठागर:
म्हणूनच राजाला एवढ्यात हाकलू नका. वाट आधीची, तर तिच्यावरून काहीतरी जात होतंच, आणि इथे ते मीठ. परंपरा आन्कुसच्या नावावर गावासोबत मिठागरंही घालते. मिठागराला तट लागत नाही. झोपड्या आणि बांध नदीच्या गाळात मागमूस ठेवत नाहीत. गाव इ.स.पू. 4थ्या शतकातलं, वापर त्याआधीचा, असं मी म्हणेन.

पहिली वस्तीही चिमुकलीच असणार. इ.स.पू. 329 मध्ये तार्राकिना या किनारी वसाहतीत 300 लोक पाठवले होते. तोच अंदाज इथे लावतात. काम किनारा राखण्याचं. इ.स.पू. 207 मध्ये, रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत असताना, किनारी वसाहतींनी सैन्यभरतीतून सूट मागितली. ती टिकली फक्त ओस्तिआ आणि आन्तियुमची.

वीटभट्टी:
एक दुरुस्ती, वाढीचा हिशेब मांडाल तेव्हा लागेल. बाहेरच्या मोठ्या तटाला जुनी पुस्तकं रोमन हुकूमशहा सुल्लाच्या नावावरून ‘सुल्लाचा तट’ म्हणतात. पोर्ता रोमाना या वेशीवरच्या लेखाचे तुकडे जुळवल्यावर इ.स.पू. 63 मध्ये सिसेरोने काम सुरू केलं आणि 58 मध्ये क्लोदियुसने संपवलं (दोघेही रोमचे राजकारणी) असं निघालं. त्याच्या आतलं क्षेत्र कास्त्रुमच्या पंचवीसपटीहून जास्त!

गाव फुगलं रोमला जाणाऱ्या धान्यामुळे, पण बंदर कायम रडकं. तिबेर गाळ आणून ओतते, मुखाशी वाळूचा दांडा धरतो. मोठी जहाजं बाहेरच थांबवून माल होड्यांत उतरवायचा, नाहीतर थेट नेपल्सजवळचं पुतेओली बंदर गाठायचं. सम्राट क्लाउदियुसने इ.स. 42 मध्ये जरा उत्तरेला खोदायला घेतलेलं बंदर इतकं उघडं पडलं की 62च्या वादळात आतच 200 जहाजं बुडाली. मग सम्राट त्राजानने आत षट्कोनी कुंड खोदलं. आज समुद्र ओस्तिआपासून तीनेक किलोमीटर लांब आहे.

गाळपेर:
फाट्याची खूण नकाशावर लगेच सापडली. आभार!