सारायेव्हो आणि मोस्तार: युद्धाच्या खुणांचे फोटो कुठून काढावेत, आणि कॅमेरा कुठे बंद ठेवावा?

रानजाई
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सारायेव्होत ४ दिवस आणि मोस्तारला १ मुक्काम ठरला आहे. जुना बाजार, मशिदी यांचे फोटो सगळीकडे आहेतच. मला बोस्नियाच्या युद्धातल्या, १९९२ ते १९९६ च्या सारायेव्होच्या वेढ्याच्या खुणा नीट टिपायच्या आहेत: भिंती, रस्त्यातले लाल 'गुलाब', बोगदा. सोबत २४-१०५ एफ/४ आणि ३५ एफ/१.८ या लेन्स आहेत.

१) भिंतींवरचे गोळ्यांचे खड्डे फोटोत सपाट दिसतात, ते कसं टाळायचं?
२) सुरुंगांची भीती अजून कितपत खरी आहे?
३) लोकांना खटकेल असं काय करू नये?

उतरंड
पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रकाशात आहे. समोरून ऊन पडलं की खड्ड्यात सावली पडत नाही, मग भिंत देवीच्या व्रणांसारखी नुसती ठिपक्याठिपक्यांची दिसते. ऊन भिंतीला जवळजवळ समांतर घासून जायला हवं. सारायेव्हो मिल्यात्स्का नदीच्या काठाने पूर्व-पश्चिम पसरलंय, त्यामुळे लांब रस्त्यांवरच्या बऱ्याच भिंती दक्षिणेला किंवा उत्तरेला तोंड करून आहेत. ऑक्टोबरात सूर्य सातच्या सुमाराला, पूर्वेच्या थोडा दक्षिणेकडून उगवतो. डोंगरावरून तो वर आला की पहिला तासभर दक्षिणमुखी भिंतींवर तिरपं ऊन असतं. संध्याकाळी तेच उलट बाजूने. उत्तरमुखी भिंतींवर दिवसभर सावलीच असते, तिथे एका बाजूने छोटी टॉर्च धरा.

खुणाही वाचायला शिका. बंदुकीच्या गोळीचा खड्डा लहान, नरसाळ्यासारखा. स्वयंचलित बंदुकीची फैर असेल तर खड्डे एका तिरक्या रांगेत येतात, आणि खिडक्यांभोवती दाट असतात, कारण नेम खिडकीवर होता. तोफगोळ्याच्या किरचांचे खड्डे वेडेवाकडे, लहानमोठे, पंख्यासारखे पसरलेले. आधी ३५ने पूर्ण दर्शनी भाग घ्या (कॅमेरा भिंतीला समांतर धरा, नाहीतर इमारत मागे कलल्यासारखी दिसते), मग १०५ने एकच खिडकी. फक्त खड्ड्याचा फोटो घेतलात तर तो कुठल्याही शहराचा होतो. दोरीवरचे कपडे, नवी खिडकी, अँटेना, यातलं काहीतरी चौकटीत येऊ द्या.

आणि घाई करा. इमारतींना बाहेरून थर्मल इन्सुलेशन आणि नवा गिलावा चढतोय, त्याखाली या खुणा कायमच्या झाकल्या जातात. त्यात राहणाऱ्यांना ऊब मिळते, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. म्हणूनच प्रत्येक फोटोसोबत रस्त्याचं नाव, घर क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. ग्रबावित्सा भागात अजून बरंच शिल्लक आहे.

पाणवठा
गुलाबांबद्दल. तोफगोळा डांबरावर फुटला की मधे खळगा आणि भोवती किरचांच्या खाचा उमटतात. जिथे माणसं मेली अशा कित्येक जागी त्या खाचांमध्ये लाल रेझिन भरलंय. खाचा एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ असतात, कारण गोळा तिरपा येऊन पडतो. सेक्रेड हार्ट कॅथीड्रलसमोरचा गुलाब सहज सापडतो. कोरड्या दिवशी धुळीने रंग विटकरी होतो, पाऊस पडून गेल्यावर गडद लाल उठून दिसतो. ओल्यावर आकाशाची चकाकी येते, म्हणून पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) न्या. वरून एक आणि गुडघ्यावर बसून एक असे दोन फोटो घ्या. खालून घेतलेल्यात येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय येतात, तोच फोटो जास्त बोलतो. गावातले लोक त्यावरून रोज चालतात, ते त्यांचं. आपण त्यावर बसून, आडवं पडून फोटो काढू नयेत.

मार्काले बाजारात ५ फेब्रुवारी १९९४ ला एका गोळ्याने ६८ माणसं गेली. २८ ऑगस्ट १९९५ ला बाजाराजवळ पुन्हा मारा झाला, तेव्हा ४३. तो आजही चालू बाजार आहे. भाजी घेणाऱ्यांच्या मधे ट्रायपॉड लावू नका. मागे मृतांच्या नावांची लाल भिंत आहे, तिथे गर्दी ओसरल्यावर जा. विक्रेत्याचा फोटो हवा असेल तर "मोगु ली स्लिकाती?" (फोटो काढू का?) एवढं विचारा, आणि नंतर "ह्वाला".

कोकणकडा
शहराचा वेढा समजायचा असेल तर खालून नाही, वरून बघा. शहर वाटीच्या तळाशी, तोफा कडेवर. नदीच्या दक्षिणेच्या उतारावर जुनं ज्यू कब्रस्तान आहे. ती आघाडीची रेषा होती, तिथल्या थडग्यांवर गोळ्यांच्या खुणा दिसतात. तिथून १०५ने खालचा मुख्य रस्ता चौकटीत घ्या. त्याला लोक 'स्नायपर अ‍ॅली' (लपून नेम धरणाऱ्यांची गल्ली) का म्हणायचे ते त्या एका फोटोत कळतं: रस्ता ओलांडणारा माणूस लपणार कुठे? मग खाली उतरून व्रबान्या पुलावर जा. ५ एप्रिल १९९२ ला सुआदा दिल्बेरोविच आणि ओल्गा सुचिच तिथे गोळीबारात मारल्या गेल्या. पूल आता त्या दोघींच्या नावाने आहे. पुलावरून वरच्या उताराचा उलटा फोटो घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा.

ट्रेबेविच डोंगरावर केबल कारने जाता येतं (२०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली). वर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्लेडचा काँक्रीट मार्ग आहे, युद्धात तिथून तोफा चालायच्या. ऑक्टोबरात ओली पानं आणि शेवाळ्यामुळे उताराच्या वळणांवर पाय घसरतो, पकड असलेले बूट हवेत. दरीत सकाळी धुकं साचतं आणि खालून शहर दिसत नाही, अशा दिवशी केबल कारने धुक्याच्या वर जाऊन बघा.

सुरुंग: शहरात फिरायला भीती नाही. भीती आहे ती बाहेरच्या डोंगरउतारांवर, जुन्या आघाडीच्या रेषांवर आणि पडक्या, ओसाड घरांत. लाल पाटीवर कवटी आणि 'पाझी मिने' (सावधान, सुरुंग) दिसलं की तिथूनच मागे. पण पाटी नाही म्हणजे सुरुंग नाही असं समजू नका: मे २०१४ च्या महापुरात दरडी कोसळून सुरुंग आणि पाट्या दोन्ही जागेवरून सरकल्या होत्या. चांगल्या कोनासाठी पायवाट सोडून गवतात दोन पावलंही नकोत. नैसर्गिक विधीलासुद्धा.

रानजाई
खूप आभार. बोगद्यात फोटो निघतात का? आणि मोस्तारचा पूल कुठल्या बाजूने घ्यावा?

उतरंड
वेढलेल्या शहरात माणसं आणि सामान ने-आण करायला हा बोगदा १९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून खणला. सुमारे ८०० मीटर लांब, १ मीटर रुंद, उंची जेमतेम १.६ मीटर. आज त्यातला वीस-पंचवीस मीटरचाच तुकडा खुला आहे. पाठीवरची सॅक वर घासते, ती पुढे घ्या. फ्लॅश वापरलात तर जवळचे लाकडी खांब पांढरे पडतात आणि मागचा अंधार काळा ठिक्कर होतो. ३५ एफ/१.८, आयएसओ ३२०० आणि कोपर खांबाला टेकवून श्वास रोखा. मागे माणसं खोळंबतात, म्हणून सेटिंग बाहेरच करून ठेवा. ज्या घरातून बोगदा निघतो त्याच्या दर्शनी भिंतीवर गोळ्यांचे खड्डे तसेच ठेवलेत. ट्राम ३ने इलिजापर्यंत, पुढे टॅक्सी.

पाणवठा
मोस्तारचा स्तारी मोस्त (जुना पूल) ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफांनी पाडला, पुन्हा बांधलेला २३ जुलै २००४ ला खुला झाला. उत्तरेकडच्या कोस्की मेहमेद पाशा मशिदीतून दृश्य सुरेख आहे, पण भर दुपारी सूर्य तोंडावर येतो. खालच्या अंगाच्या लुच्की पुलावरून उत्तरेकडे बघा, ऊन पाठीशी राहील. पुलाचा दगड झिजून गुळगुळीत झालाय, दोन्ही हातांत कॅमेरा धरून उतरू नका. उडी मारणारी मुलं आधी पैसे गोळा करतात. फोटो काढणार असाल तर द्या.

काचेचे तुकडे पडलेल्या जुन्या बँकेच्या इमारतीत, जिला स्नायपर टॉवर म्हणतात, लोक वरच्या दृश्यासाठी घुसतात. जिन्यांना कठडे नाहीत, लिफ्टची विहीर उघडी आहे. रस्त्यापलीकडून २४ला संध्याकाळी घ्या, रिकाम्या चौकटींतून आरपार आकाश दिसतं.