दोनशे ओळींसाठी टेक्स्टजॉइनच
एका कॉलममधल्या दोनशे ओळी स्वल्पविराम देऊन एकाच सेलमध्ये कशा आणायच्या, असा प्रश्न आहे. वर कुणीतरी कॉन्कॅटनेट या एक्सेलच्या फॉर्म्युल्याने एकेक सेल जोडायला सांगितलंय. दहा नावांपुरतं ठीक आहे हो, दोनशे ओळींना बोटं मोडतील. एक्सेल २०१९ पासून टेक्स्टजॉइन हा फॉर्म्युला आहे, गूगल शीट्समध्येही आहे. कंसात आधी दुहेरी अवतरणात स्वल्पविराम, मग ट्रू, मग अख्खी रेंज, म्हणजे जोडायच्या सेलचा पट्टा. ते ट्रू महत्त्वाचं, त्याने रिकामे सेल वगळले जातात! सोसायटीतल्या सभासदांचे ईमेल जोडताना मी फॉल्स दिलं. तीन फ्लॅटवाल्यांच्या रकान्यात काहीच नव्हतं, तर मधेच ‘,,,,’ अशी रांग उभी.

एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरंच मावतात, त्यापुढे एरर. एक्सेल जुनं असेल तर कॉलम वर्डमध्ये नुसता मजकूर म्हणून पेस्ट करा आणि रिप्लेसमध्ये पॅराग्राफ मार्कच्या (^p, म्हणजे ओळ संपल्याची खूण) जागी स्वल्पविराम द्या. शेवटचा जास्तीचा स्वल्पविराम तेवढा हाताने खोडा.