कॉलेजातल्या आयटीवाल्याला नेतृत्वाचे धडे हवेत की आधी अधिकार?

उपवनकाठ
ठाण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात काम करतो. नव्या ईआरपीच्या, म्हणजे प्रवेश, फी, परीक्षा असा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खरेदीची बैठक होती. आमच्या सिस्टीम ॲडमिनला, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्याला, बोलावलं ते प्रोजेक्टर जोडायला. केबल लावली, पहिली स्लाइड नीट दिसते का पाहिलं आणि तो बाहेर आला. जुन्या विद्यार्थ्यांचा डेटा नव्या सिस्टीममध्ये नेण्याचा खर्च कोणाचा, पुढे करार संपला तर डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे विचारणारं आत कोणीच उरलं नाही.

माझं स्पष्ट मत आहे की उच्च शिक्षणात काम करणाऱ्या आयटीवाल्यांना नेतृत्व शिकवलंच पाहिजे, तेही नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत. म्हणजे टिपणी लिहिणं, प्राचार्यांना समजेल अशा भाषेत धोका सांगणं, विक्रेत्याला ठाम नकार देणं, परीक्षा विभाग आणि लेखा विभागाला एका टेबलावर बसवणं. अमेरिकेत विद्यापीठांतल्या आयटीवाल्यांची एज्युकॉज नावाची संघटना आहे. 1998 मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन ती झाली. नव्याने व्यवस्थापक झालेल्यांसाठी आणि वरिष्ठांसाठी तिथे वेगवेगळं प्रशिक्षण असतं. आपल्याकडे सर्व्हरचा कोर्स मिळतो, नेतृत्वाचा असा कोर्स मी तरी पाहिलेला नाही.

घणसोली_सेक्टर
असहमत. मी हे काम केलंय, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. ऑर्डर संपली की एक दिवस घरी बसायचं, मग नवी ऑर्डर. त्या माणसाला नेतृत्व शिकवून काय साधणार? शिकला की ठाणे-बेलापूर रोडवरची पहिली कंपनी गाठणार. मीही ऐरोलीतच गेलो. पगार आणि कायम पद द्या, पुढचं तो आपोआप शिकतो.

उपवनकाठ
आपोआप शिकतो हे मला मान्य नाही. 2017 आठवा. मुंबई विद्यापीठाने सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका एकाच परीक्षेपासून ऑनलाइन तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांचे किती हाल झाले ते ठाणेकरांना सांगायला नको. तिथे प्रश्न फक्त कायम पदांचा नव्हता. आधी एका शाखेवर करून पाहू, असं वरच्याला ठणकावून सांगणारा माणूस लागत होता.

वाशी_प्राध्यापिका
2017 बद्दल तुमचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. सांगणारे होते. प्राध्यापक संघटना बोलत होत्या, कोणी ऐकलं नाही. खालच्याला बोलायला शिकवून वरच्याचे कान उघडत नाहीत. प्रशिक्षण द्यायचंच तर प्राचार्य आणि कुलसचिवांना द्या.

दुसरं म्हणजे, नेतृत्व शिक्षकाकडेच राहावं. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मुलांचे श्रेयांक ऑनलाइन खात्यात जमा करण्याचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मुलांची नावं जुळेनात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, आधारवर वेगळाच क्रम. आयटीवाल्याने सिस्टीमला नाकारलेली नावं यादी करून दिली आणि त्याचं काम संपलं. कोणत्या मुलीचं लग्नानंतर नाव बदललंय, कोणाचं श्रेयांक अडकलं तर तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडेल, हे वर्गशिक्षकांनी बसून सोडवलं.

कळवा_खाडी
बाई, तुमच्या उदाहरणातच उपवनकाठ यांचा मुद्दा आहे. त्याने यादी देऊन हात झटकले कारण पुढचं आपलं काम आहे असं त्याला कोणी कधी सांगितलंच नाही.

पण घणसोलीकरांचा मुद्दाही नुसत्या पगारापुरता नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 पाहा. विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे. कॉलेज पातळीवर मात्र महाविद्यालय विकास समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एकच प्रतिनिधी, तोही नियमित कर्मचाऱ्यांनी निवडलेला. करारावरच्या सिस्टीम ॲडमिनला तिथे मतसुद्धा नाही. खरेदी, अंदाजपत्रक, विकास आराखडा, सगळं त्याच समितीपुढे जातं.

घणसोली_सेक्टर
हेच म्हणतोय. आणखी एक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवायचा असतो. समजा प्रवेशाच्या हंगामात रात्री अकराला कळलं. सर्व्हर बंद करायचा निर्णय कोण घेणार? बंद केला तर सकाळी रांगेतले पालक ओरडणार, नाही केला तर डेटा जाणार. कंपनीत माझ्याकडे हा अधिकार लेखी आहे. कॉलेजात साहेबांचा फोन लागेपर्यंत थांबावं लागायचं. असा लेखी अधिकार नसेल तर प्रशिक्षणाने माणूस फक्त जास्त कुढतो.

उपवनकाठ
लेखी अधिकाराचं शंभर टक्के मान्य. पण तो आदेश कसा निघतो? कोणीतरी एक पानाची टिपणी लिहून, प्राचार्यांपुढे बसून, समितीच्या विषयपत्रिकेत घालून घ्यावा लागतो. ते कसं करायचं हे आमच्या ॲडमिनला येत नाही, आणि मी शिकवा म्हणतोय ते नेमकं हेच. बाई, शिक्षक हवेतच, पण ही कामं पाहणारा समन्वयक शिक्षक दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि पासवर्डपासून पुन्हा सुरुवात होते.

वाशी_प्राध्यापिका
समन्वयक बदलण्याचं खरं आहे, आमच्याकडेही त्रास होतो. तरी अंतिम सही शिक्षकाचीच असावी, यावर मी ठाम आहे. खरेदीच्या बैठकीत मात्र आयटीवाल्याने शेवटपर्यंत बसावं. येत्या समितीच्या बैठकीत मी हा विषय मांडते. तुमच्याकडे अशा टिपणीचा नमुना असेल तर इथे टाका.

घणसोली_सेक्टर
नमुन्यात रात्रीच्या निर्णयाचं कलम घाला. पदनाम लिहा, कोणाचं नाव नको. नाहीतर माणूस सोडून गेला की आदेशही गेला.