म्हणे ओकलंड सोडलं म्हणून ए'ज सुधारले!

खाडीकाठचा: ए'ज म्हणजे ॲथलेटिक्स, अमेरिकेतली बेसबॉल टीम; 2024 पर्यंत ओकलंडची, 2025 पासून सॅक्रामेंटोत खेळणारी. काल इथे कुणीतरी लिहिलंय, "2025 मध्ये ए'जनी 76 सामने जिंकले. सॅक्रामेंटो मानवलं. ओकलंडवाल्यांनी रडगाणं थांबवावं." डोकंच फिरलं. 2023 ला 50 विजय, 2024 ला 69, मग 76. म्हणजे 19 ची उडी ओकलंडमध्ये, आणि गाव सोडल्यावर 7 ची. कर्ट्झ आणि विल्सन या खेळाडूंना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, उचललं तेही ओकलंडला असतानाच. पोरगं शिकलं एका शाळेत, चौकात फोटो लावला भलत्याच क्लासने!

सरासरीराव: "कुणीतरी" म्हणजे मीच. कर्ट्झने 25 जुलैला ह्यूस्टनमध्ये एकाच सामन्यात 4 होम रन (आपल्या षटकारासारखे) ठोकले, 6 पैकी 6 वेळा हिट. ते बघायचं सोडून तुम्ही जुन्या घराच्या चौकटी मोजत बसा. आणि पिचर सेवेरिनोला 3 वर्षांचे 67 मिलियन डॉलर, क्लबच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा करार. मालक फिशरने ओकलंडमध्ये एवढे कधी सोडले होते?

खाडीकाठचा: नव्हते सोडले, तेच तर दुखणं आहे! आणि तोच सेवेरिनो घरच्या मैदानाबद्दल कुरकुरत होता. घर तरी कसलं? सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या दुसऱ्याच क्लबच्या ज्युनियर टीमचं मैदान, जेमतेम 14,000 माणसांचं. पहिल्याच सामन्यात शिकागो कब्ज टीमने 18-3 धुतलं. नावातही गाव नाही, नुसतं "ॲथलेटिक्स". पत्ता विचारला तर 2028 ला व्हेगासला या म्हणतात.

दशमी: 13 जून 2023 ला मी ओकलंडच्या जुन्या मैदानात, कोलिझियममध्ये होते. मालकाला दाखवायला मुद्दाम स्टेडियम भरलं होतं, 27,759 माणसं, "टीम विका" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. टॅम्पा बे रेज टीमला 2-1 हरवलं. दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. गेटवरच्या आजोबांनी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावून परत दिला. कोलिझियममध्ये घरचं चालायचं हो!

तिसरी घंटा: नशीबवान आहात. आपल्याकडे एका मैदानावर माझ्या वडिलांची पाण्याची बाटली काढून घेतली. वय 71, मे महिना. आत तेच पाणी तिप्पट भावाने.

सरासरीराव: सुरक्षा नावाची गोष्ट असते. बाटल्या मैदानात फेकणारेही आपलेच लोक.

तिसरी घंटा: माझे वडील फेकणार होते? शब्द मागे घ्या.

सरासरीराव: तुमच्या वडिलांबद्दल बोललोच नाही. नियम सगळ्यांना सारखा.

तिसरी घंटा: व्हीआयपी बॉक्समध्ये काचेच्या बाटल्या गेल्या माझ्या डोळ्यांदेखत. सारखा म्हणे!

दशमी: अहो, भांडू नका माझ्या डब्यावरून.

बाकावरचा: आणि बंद स्टेडियममध्ये लसणाची चटणी? शेजारच्याचा कुणी विचार केला का?

दशमी: शेजारच्याने दोनदा मागून घेतली. आणि कोलिझियमला छप्पर नव्हतं. गेलायत का कधी?

बाकावरचा: गेलोय. बाथरूममध्ये तुंबलेलं पाणी, ब्रॉडकास्ट बूथमध्ये पॉसम, मांजराएवढा जंगली प्राणी. चटणीचा वास खरंच कळला नसेल.

खाडीकाठचा: मालकाने छप्पर गळू द्यायचं आणि मग भाडेकरूला म्हणायचं, घर राहण्यालायक नाही! आमच्या चाळीत हेच झालं.

सरासरीराव: आता चाळही आली. बरं बाबा, 19 आणि 7, वजाबाकी येते मला. सॅक्रामेंटोमुळे सुधारले हे मागे घेतो. रडगाण्याचं मात्र घेत नाही.

तिसरी घंटा: आणि बाटलीचं?