प्रतिसाद: लातूरची छोटी गाडी आणि टनांचा हिशेब

"आठवणी सांगा, रुळांची मापं आणि टन कशाला?" असं वर एकानं विचारलंय. मला वाटतं, लातूरच्या या छोट्या गाडीची खरी गोष्ट त्या मापांतच आहे.

ही गाडी बार्शी लाईट रेल्वेची. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होता. एवरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं एकच गोष्ट धरून ठेवली: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही अ‍ॅक्सलवर (चाकांची जोडी जोडणाऱ्या आसावर) ५ टनांपेक्षा जास्त भार नको. मग इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटलं, मालडब्यांना बोग्या (डब्याखालच्या, वळणाऱ्या चाकांच्या चौकटी) दिल्या आणि दर यार्ड लांबीला फक्त ३० पौंड वजनाचे रूळ पुरले. हलका रूळ म्हणजे स्वस्त मार्ग. १९११ साली गाडी लातूरला पोचली ती या हिशेबामुळं.

गैरसोयही मापाचीच. कुर्डुवाडीला ही गाडी मोठ्या लाईनला मिळायची आणि तिथला ब्रॉडगेज (रुंद मार्ग) १६७६ मिलिमीटरचा, त्यामुळं पुढं जाणारा माल तिथं दुसऱ्या गाडीत भरावा लागायचा. लातूरच्या बाजारपेठेला हे किती जड गेलं असेल!

धाराशिव, लातूरकडं कुणाच्या घरी जुने फोटो असतील तर जरूर टाका. इंजिनाचा नंबर आणि चाकं दिसली पाहिजेत.